डावा इळा

दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते, धान पिवळं पडून कापणीला आलं होतं, आणि अशात दोन दिवस पाऊस लागून बसला. उघडला तेव्हा कुही तालुक्यातल्या या गावाच्या खालच्या अंगाच्या सगळ्या बांध्यांमधलं, म्हणजे भातखाचरांमधलं, धान आडवं झालेलं होतं, लोंब्या चिखलाला टेकलेल्या. त्यातल्या बहुतेक बांध्या मधुकररावांच्या. त्यांनी दरवर्षीसारखं हार्वेस्टर बोलावलं. ते बांधीत वीस-पंचवीस हात गेलं आणि पोटापर्यंत रुतलं. गोविंदाचा ट्रॅक्टर साखळदंड लावून अर्धा दिवस त्याला ओढत राहिला, तेव्हा कुठे ते कडेच्या धुऱ्यावर आलं. मशीनवाला हात जोडून निघून गेला.

पडलेल्या धानाला चार-सहा दिवसांत कोंब फुटले असते. मधुकररावांनी गावातल्या बायांना निरोप धाडला. हातानंच कापायचं होतं.

सहा-सात वर्षांनी घराघरांतल्या आढ्याला खोसलेले इळे खाली निघाले. गंजलेले, मुठी हललेल्या, कोणाच्या पात्यावर कोळिष्टकं. ते सगळे दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थू लोहाराच्या दारात येऊन पडले.

नत्थू अठ्ठावन्न वर्षांचा होता. धंदा बापाचाच, पण बापाच्या धंद्यातलं आता फार थोडं उरलं होतं. तो गेटं जोडायचा, खिडक्यांच्या जाळ्या करायचा, ट्रॅक्टरच्या नांगराचे फाळ ठोकायचा. चामड्याचा भाता जाऊन विजेचा पंखा आला होता आणि सहाणेच्या जागी ग्राइंडर. इळा पाजवून घ्यायला वर्षाकाठी चार-पाच माणसं आली तर आली. त्या दिवशी मात्र दारात तीसच्या वर इळे होते आणि लिंबाच्या झाडाखाली माणसं बसून वाट पाहत होती. नत्थूची बायको रुख्मिणी जुन्या लुगड्याच्या रंगीत चिंध्या फाडून एकेका मुठीला बांधत होती, कोणाचा इळा कोणता ते कळावं म्हणून. उद्या तीही मधुकररावांच्याच बांधीत कापायला जाणार होती.

एवढी माणसं आपल्या दारात पाहून नत्थूला बरं वाटत होतं. त्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा झाला होता.

"सगळ्याइले सारखीच धार मारत जाय न गा," गोविंदा म्हणाला. तो बायकोचा आणि आईचा असे दोन इळे घेऊन बसला होता. "लवकर आटपन."

"सारखी कशी मारू?" नत्थूनं ग्राइंडर बंद केला. "कुऱ्हाडीच्या धारेले पोट ठेवा लागते. पोट नसलं तं लाकडात फसते, नाई तं धारेचा तुकडा पडते. न्हाव्याचा वस्तरा पाह्यला का? थो दोन्ही अंगानं खोलगट. केस कापते, पण काडी कापाले जा, धार मुडून जाईन. भाजी चिराच्या पावशीची धार दोन्ही अंगानं सरळ, कांदा मधातून फाकला पायजे."

"आन इळ्याची?"

नत्थूनं ढिगातला एक इळा उचलला आणि सगळ्यांना दिसेल असा धरला. "इळ्याले एकाच अंगानं उतार. वरून उतार, खालून सपाट. ओढला का पातं खाली बसते, जमिनीकडं जाते. दुसऱ्या हाताच्या मुठीत धान धरलं राह्यते न, त्या मुठीपासून दूर. उतार जर खालून आला, तं पातं वर चढन. मुठीवर येईन." त्यानं अंगठा धारेवर आडवा फिरवला. "मायाजवळ येऊन लोक पाह्यते, धार लागली का नाई. कोणती लागली, हे कोणी पाहत नाई."

माणसं माना हलवत होती. नत्थू अजून बोलला असता, तेवढ्यात सिंधूताई आली.

सिंधूताई बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत राहायची. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं बारीक, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. हार्वेस्टर येण्याआधी मधुकररावांच्या बांधीत तिच्या पुढं कोणाचा कापणीचा पट्टा जात नसे. ती डाव्या हाताची होती. तिच्यासाठी नत्थूच्या बापानं वेगळा इळा ठोकला होता. आरशात पाहावा तसा तो उलटा वळलेला आणि त्याचा उतारही दुसऱ्या अंगानं. तिनं तो पदराखालून काढला.

"नत्थूभाऊ, माया डावा इळा हाये. उलट्या अंगानं धार. ध्यानात ठेवजो गा."

ती सहज बोलली होती. पण नत्थू नुकताच चार माणसांपुढं धारेचं सांगत होता, आणि ते सांगणं अजून त्याच्या तोंडातच होतं.

"लोहाराले तू शिकवून राहिली का वं?" तो म्हणाला. "माया बापानं ठोकला हा इळा, तवा मी भाता ओढत होतो."

गोविंदा हसला. बाकीचेही हसले.

"शिकवत नाई गा. गर्दी हाये म्हणून म्हनलं," सिंधूताई म्हणाली. तिनं इळा रुख्मिणीजवळ ठेवला आणि ती गेली. रुख्मिणीनं त्याच्या मुठीला काळी चिंधी बांधली, दोन गाठी मारल्या, आणि तो ढिगापासून जरा बाजूला भिंतीला लावला.

दुपारनंतर भिंतीजवळचा इळा आणि ढिगातले इळे एक झाले. ते नत्थूनंच एकत्र केले, हात पुरावा म्हणून. तो सकाळपासून पाटावर बसून होता. कमरेपासून टाचेपर्यंत एक शीर ताणलेली होती आणि बोटांच्या पेरांत लोखंडाची काळी बुकणी बसली होती. इळा उचलायचा, मूठ उजव्या हातात, पातं चाकाला, ठिणग्या उडायच्या, पातं तापून निळं पडायच्या आत घमेल्यातल्या पाण्यात बुडवायचं, पुन्हा चाकाला. मग कानस, मग धारेचा पाथर. लिंबाखालची माणसं मधूनमधून उठून यायची आणि विचारायची, माया झाला का गा.

काळ्या चिंधीचा इळा हातात आला तेव्हा त्यानं चिंधी पाहिली होती. पुढं कित्येक दिवस तो स्वतःला हेच विचारत राहिला, आणि उत्तर तेच यायचं. पाहिली होती. पण हात तिसाव्या इळ्याच्या चालीवर चालला होता, आणि डोकं कोणी तरी काही तरी विचारत होतं तिकडं होतं. पातं चाकाला लागलं. चढत गेलं. निम्म्याच्या पुढं गेल्यावर त्याला ठिणग्या भलत्या बाजूनं उडताना दिसल्या.

त्यानं पातं उचललं. जे अंग सपाट राहायला हवं होतं त्यावर पांढरा चकचकीत उतार पडला होता. जुना उतार, बापानं कानशीनं घातलेला, दुसऱ्या अंगाला तसाच होता, पण धारेजवळ खाल्ला गेला होता. हे परत आणायचं तर धार पूर्ण मोडायला लागणार होती. धार मोडायची, अंग सपाट करायचं, मग दुसरीकडून नवा उतार कानशीनं बसवायचा. घड्याळाचा अख्खा तास गेला असता. आणि सांगावं लागलं असतं.

"थो सिंधूताईचा नाई का?" रुख्मिणीनं विचारलं. ती घमेल्यातलं पाणी बदलत होती.

"हाये."

"मंग?"

"मंग काय? दोन्ही अंगानं करून देतो. इळा का वस्तरा हाये? चालते." त्यानं उरलेलं पातंही त्याच अंगानं घासून घेतलं आणि पाथरावर धार चोळली. अंगठा फिरवला. लागली होती, चांगलीच लागली होती. नख कापलं असतं.

रुख्मिणी घमेलं धरून जराशी थांबली. मग तिनं पाणी अंगणात ओतलं. सिंधूताई दिवेलागणीच्या आधी आली, तिनंही अंगठा फिरवून पाहिला आणि म्हणाली, "बढिया झाला." नत्थू दुसऱ्या इळ्यावर वाकलेला होता. त्यानं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी रुख्मिणी वेळेच्या आधी घरी आली. तिच्या पदराला आणि पोटऱ्यांना चिखल होता आणि पोलक्याच्या बाहीवर रक्त. नत्थू उठून उभा राहिला.

"मायं नाई," ती म्हणाली. "सिंधूताईचं."

तिनं माठातलं पाणी घेतलं, उभ्यानंच प्याली, मग उंबऱ्यावर बसून सांगितलं. चिखलात पाय रुतत होते, धान आडवं, मूठ खालून भरावी लागत होती. सिंधूताईचा पट्टा सगळ्यांच्या पुढं होता. दोन-तीनदा ती थांबून इळा पाहत होती, म्हणत होती, आज हा काहून वर वर येऊन राहिला. मग पुन्हा कापू लागायची. दहाच्या सुमाराला तिनं मूठ भरून ओढलं आणि पातं काडीवरून वर सरकलं, उजव्या हाताच्या मुठीवर. करंगळी आणि तिच्या बाजूचं बोट. आतलं पांढरं दिसत होतं.

"कुहीले नेलं गोविंदानं. तथून नागपूरले नेतो म्हणे. बोटं वाकत नाई." रुख्मिणी आपल्या हाताकडं पाहत बोलत होती. "मधुकरराव म्हणे, डाव्या हाताच्या बाईले घ्यालेच नको होतं. उलटं काम करते, मंग असंच होते. बायाही म्हणत होत्या."

"काय म्हणत होत्या?"

"हेच. का डाव्या हातानं कापत होती म्हणून."

नत्थू पाटावर परत बसला. रुख्मिणीनं बराच वेळ त्याच्याकडं पाहिलं. मग ती उठली, बाहीवरचं रक्त धुतलं आणि परत बांधीकडं गेली. धान पडून होतं.

बाराव्या दिवशी सिंधूताई स्वतः आली. नत्थू तेव्हा मधुकररावांच्या गोठ्याचं फाटक जोडत होता आणि मधुकरराव खुर्ची टाकून समोर बसले होते. पांढरं धोतर, हातात मोबाइल. सिंधूताईचा उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत होता, गळ्यात अडकवलेला. पट्टीतून दोन बोटं बाहेर दिसत होती, सुजलेली, रंग गेलेली. नागपूरला नस जोडली होती, पण डॉक्टरांनी सांगितलं होतं की पहिल्यासारखी मूठ वळणार नाही. डाव्या हातात तिनं तो इळा धरला होता. पात्यावर चिखल वाळून बसला होता.

"नत्थूभाऊ, हे पाह्य बरं जरासं," ती म्हणाली. "तीस वर्सं झाले मी ह्या इळ्यानं कापून राहिली. कधी साधं खरचटलं नाई. त्या दिवशी थो वर काहून चढला? मायंच चुकलं का इळ्यात काही झालं, थे तूच सांगशीन."

नत्थूनं इळा घेतला. चिखल अंगठ्यानं खरवडला. खाली त्याचं स्वतःचं काम होतं. भलत्या अंगाचा उतार, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि चाकाच्या आडव्या रेघा. ज्याला धार कळते त्याला ते लांबून दिसलं असतं. तिथं तसं कोणी नव्हतं.

"काय गा नत्थू?" मधुकररावांनी विचारलं. "इळ्यात काही खोट हाये का?"

त्यानं पातं पुन्हा उलटून धरलं. पाठीवर उन्हाचा चटका लागत होता. वाटलं, आता सांगावं. मग मधुकररावांचा चेहरा दिसला, फाटकाचं काम दिसलं, लिंबाखालची माणसं दिसली आणि आपण केवढ्या आवाजात बोललो होतो ते आठवलं.

"धार बरोबर हाये," तो म्हणाला. "हात सटकला असन. चिखल होता."

"मी म्हनलं होतं न," मधुकरराव म्हणाले.

सिंधूताईनं मान हलवली. "असन गा," ती म्हणाली. "थकली होती मी. सकाळी जेवलीही नव्हती." तिनं इळा परत मागायला डावा हात पुढं केला. नत्थूनं तो तिच्या हातात दिला. ती गेली तेव्हा तो वेल्डिंगचा चष्मा लावून फाटकावर वाकला आणि कितीतरी वेळ न पेटवता तसाच वाकून राहिला.

ही गोष्ट रुख्मिणीला कळायला वेळ लागला नाही. ती भांडली नाही. तिनं फक्त आपला इळा त्याच्याजवळ द्यायचं बंद केलं. धार गेली की ती अंगणातल्या धुण्याच्या दगडावर बसून स्वतः पाजवायची, खर्र खर्र, नत्थू समोर बसलेला असताना. सकाळी निघण्याआधी अर्धा तास ती सिंधूताईकडं जाऊन दोन गुंड पाणी भरून द्यायची. ते तिनं त्याला सांगितलं नाही, त्यानं पाहिलं.

अजून वरच्या बांध्यांतल्या उशिराच्या धानाची कापणी चालू होती, चिखल आटला नव्हता म्हणून तीही हातानंच, आणि इळे येतच होते. नत्थूला आता एकेक इळा दहादा उलटून पाहावासा वाटायचा. हातात घेतला की उजवा का डावा, उजवा का डावा, असं मनात चालायचं. सगळे उजवेच असायचे. गावात दुसरं कोणी डावं नव्हतंच. तरी ग्राइंडर लावायला त्याचा हात धजत नसे, आणि तो कानशीनंच घासत बसायचा. लोक म्हणायचे, नत्थूभाऊ काम लई मन लावून करून राहिला. ते ऐकलं की त्याला अंगणातून उठून जावंसं वाटायचं. तो जेवायला बसायचा आणि उजव्या हाताची दोन बोटं न वाकवता घास उचलून पाहायचा. भात सांडायचा. एकदा रुख्मिणीनं ते पाहिलं आणि तिनं तोंड फिरवलं.

मग एका सकाळी ती पाणी भरून आली आणि चुलीपुढं न जाता त्याच्यासमोर उभी राहिली.

"नंदिनीची पोरगी पाह्यली का तूनं?"

नंदिनी ही सिंधूताईची लेक. तिचा नवरा खापरखेड्याला कंत्राटावर कामाला होता. आईचं हे झाल्यापासून ती चार वर्षांच्या पोरीला घेऊन माहेरी येऊन राहिली होती.

"काहून?"

"थेही डावी हाये. सिंधूताईवर गेली. आज पोळी खाऊन राहिली होती डाव्या हातानं, तं सिंधूताईनं हाताले फटका मारला. कधी बोट न लावणारी बाई. म्हणे, ह्याच हातानं माया नास केला, तुया नाई होऊ देणार. नंदिनी म्हणे, बाई, रोज चालू हाये. डावा हात फडक्यानं बांधून ठेवते जेवताना." रुख्मिणीचा आवाज बारीक झाला. "मी घमेल्यातलं पाणी ओतत होती गा त्या दिवशी. मले दिसत होतं. मीही काही म्हनलं नाई. आता माया तोंडातून निघन त्याच्या आधी तू सांग."

नत्थूनं पायात चप्पल घातली.

बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत तो आयुष्यात तीन-चारदाच आला होता. सिंधूताईच्या ओसरीत पोरगी बसलेली होती, पुढ्यात ताटलीत पोहे, डावा हात ओढणीच्या तुकड्यानं पोटाशी बांधलेला. ती उजव्या हातानं पोहे उचलत होती आणि निम्मे मांडीवर सांडत होती. नंदिनी आत भांडी घासत होती. सिंधूताई भिंतीला टेकून बसली होती.

"ये गा," ती म्हणाली. "नंदिनी, चहा ठेव."

"चहा नोको." तो उभाच राहिला. त्यानं ठरवलेलं बोलणं त्याला सापडेना. "सिंधूताई, तुया हात नव्हता चुकला. धार मी चुकवली. उजव्या इळ्याची मारली. चिंधी पाह्यली होती, तरी मारली. अर्धी झाल्यावर ध्यानात आलं. तरी तशीच देली."

आतला भांड्यांचा आवाज थांबला. सिंधूताई त्याच्याकडं पाहत राहिली.

"ध्यानात आलं होतं?" तिनं विचारलं.

"आलं होतं."

"आन फाटकाजवळ मीनं विचारलं, तवा?"

"तवाही माहीत होतं."

नंदिनी दारात येऊन उभी राहिली होती, हाताला राख लागलेली. तिचा चेहरा लाल झाला. "मामा, आईनं आठ दिवस स्वतःले शिव्या देल्या," ती म्हणाली. तिनं हातावरची राख झटकली.

सिंधूताई उठली. एका हातानं भिंत धरून उठायला तिला वेळ लागला. ती पोरीजवळ जाऊन बसली आणि डाव्या हातानं ती गाठ सोडू लागली. गाठ घट्ट होती. दात लावून तिनं ती सोडली. पोरगी आजीकडं पाहत होती, हात कुठं ठेवावा ते तिला कळत नव्हतं. सिंधूताईनं तिचा तो हात उचलून ताटलीत ठेवला, तिच्या केसांवरून आपला गाल फिरवला आणि तिच्याच अंगाला लागून बसली. नत्थू खाली पाहत होता. त्याला वाटलं, तिनं शिव्या द्याव्या. तिनं दिल्या नाहीत.

"मले घरी येऊन सांगतलं," ती शेवटी म्हणाली. "खोटं तू मधुकररावापुढं बोलला होता."

"हो."

"आज बाया कोणत्या बांधीत हाये?"

"वडाजवळच्या."

"चाल मंग." तिनं आढ्याकडं मान केली. "थो इळा घे. मले एका हातानं निघत नाई."

वडाजवळची बांधी गावापासून पाव कोसावर होती. सिंधूताई पुढं, नत्थू मागं. वाटेत भेटलेल्या दोघांनी विचारलं कुठं निघाले, सिंधूताईनं उत्तर दिलं, त्यानं नाही. बांधीत सोळा-सतरा बाया ओळीनं वाकलेल्या होत्या, त्यांत रुख्मिणी. मागं कापलेल्या मुठींचे कडपे पडत गेलेले. मधुकरराव धुऱ्यावर छत्री घेऊन उभे होते. सिंधूताईला पाहून बाया एकेक करून सरळ झाल्या.

नत्थू चिखलात उतरला. "मले काही सांगायचं हाये," तो म्हणाला. आवाज बसला होता, तेव्हा पलीकडची म्हातारी म्हणाली, "मोठ्यानं बोल गा, ऐकू येत नाई." त्याला ते पहिल्यापासून पुन्हा बोलावं लागलं. त्यानं सांगितलं. फाटकाजवळचंही सांगितलं. सांगून झाल्यावर त्यानं तो इळा डाव्या हातात धरला, वाकला, उजव्या हातानं धानाची मूठ धरली आणि ओढलं. पातं काडीत शिरलं आणि वर सरकलं. त्यानं मूठ वेळेवर सोडली. कापलेल्या काड्या तिरप्या झाल्या होत्या, वर वर चढत गेलेल्या.

"असा चढत होता," तो म्हणाला. "ह्या इळ्यानं कोणाचाही हात कापला असता. डाव्याचा काही दोष नाई."

"बरं, झालं थे झालं," मधुकरराव म्हणाले. ते छत्रीची मूठ चाळवत होते. "आता काय करता? कामाले लागा, ऊन होऊन राहिलं."

"माह्या इळा पाह्य," म्हातारी म्हणाली. ती पट्टा सोडून जवळ आली होती. तिनं आपला इळा नत्थूच्या पुढं धरला. "हाही तूनंच केला."

त्यानं तो पाहिला. वरून उतार, खालून सपाट. "बरोबर हाये," तो म्हणाला.

"तसंच तिलेही म्हनलं होतं न?"

तिनं स्वतः अंगठा फिरवून पातं दोन्ही अंगांनी पाहिलं, आणि मगच ती वळली. तिच्या मागं दुसरी आली, मग तिसरी. एकेक बाई इळा पुढं धरायची, तो म्हणायचा बरोबर हाये, आणि बाई त्याच्याकडं न पाहता पातं उलटून पाहायची. नत्थूचे पाय पोटरीपर्यंत चिखलात होते, थंड. मान वर करायची त्याला सोय नव्हती. रुख्मिणी आली नाही. ती आपल्या पट्ट्यात इळा धरून उभी होती, आणि तिच्या शेजारचा पट्टा कोणी न घेतल्यानं तसाच पडलेला होता.

"मधुकरराव," सिंधूताई धुऱ्यावरून म्हणाली, "पुढच्या साली मायी मूठ वळली, तं मी येईन. डाव्याच हातानं येईन."

मधुकररावांनी तिच्याकडं पाहिलं, मग बायांकडं. सगळ्या बाया त्यांच्याकडं पाहत होत्या. "येजो न," ते म्हणाले. "मी कुठी नाई म्हनलं." आणि ते पंप पाहायला म्हणून तिकडं निघून गेले.

नत्थूनं रुख्मिणीजवळ जाऊन हात पुढं केला. तिनं आपल्या कमरेचा दुसरा इळा काढून त्याला दिला. उजव्या हाताचा, तिनं स्वतः धुण्याच्या दगडावर पाजवलेला. तो शेजारच्या रिकाम्या पट्ट्यात उतरला.

त्यानं जन्मभर इळे केले होते, पण दिवसभर कधी कापलं नव्हतं. मूठ भरायची, ओढायची, मागं ठेवायची. दहा-बारा मुठींत त्याची कंबर भरून आली. काड्या ओल्या, हातातून सुटत होत्या, लोंब्यांचं कुसळ गळ्यात शिरून टोचत होतं. रुख्मिणी चार हात पुढं गेली, मग आठ. म्हातारीसुद्धा पुढं गेली. त्याच्या मागं पडणारे कडपे वाकडेतिकडे होते. कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं. बाया आपापसांत पुन्हा बोलायला लागल्या, लेकीबाळींचं, बाजाराचं, आणि त्या बोलण्यात त्याला कोणी घेतलं नाही.

दुपारी त्या वडाखाली जेवायला बसल्या. त्याला कोणी बोलावलं नाही, तो कापत राहिला. सिंधूताईला त्यांनी मधोमध जागा करून दिली, रुख्मिणीनं तिला भाकर मोडून दिली.

थोड्या वेळानं सिंधूताई उठून धुऱ्याधुऱ्यानं त्याच्या पट्ट्याशी आली. त्याला तिचे पाय दिसले. त्याला वाटलं, ती आता काही तरी म्हणेल, आणि जे म्हणेल ते ऐकायची त्यानं मनाची तयारी केली. ती मागच्या कापलेल्या धसकटांकडं पाहत होती. धसकटं वीतभर उंच राहिली होती.

"खालून काप," ती म्हणाली. "एवढी तणस सोडशीन तं ढोरं काय खातीन?"

नत्थू आणखी खाली वाकला.